पंखा बंद करा

मे महिना, सोलापूर. सकाळी सहाला बाबा चहासाठी उठवायला आले आणि आजी उठली नाही. मी त्याच खोलीत, खाली गादीवर झोपले होते.

रडण्याआधी मी पंखा बंद केला. "अगं, एवढ्या उकाड्यात?" आत्या म्हणाली. पोरीला धक्का बसलाय, असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण आजीने नेत्रदानाचा फॉर्म भरलेला होता, आणि वाऱ्याने डोळा सुकतो. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. आमच्याकडे गेलेल्या माणसाला उशी देत नाहीत. त्यावरून काकांशी वाजलंच.

नेत्रपेढीला फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न : कधी गेल्या?

"पाचनंतर," बाबा म्हणाले. "पाचला मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा घोरत होती."

ते घोरणं बहुतेक माझं होतं.

मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करतेय. आत्याने हनुवटी बांधायला फडकं आणलं तेव्हा मी जबड्याला हात लावला. घट्ट. मानही घट्ट. कोपर अडत होतं, गुडघा मात्र अजून वाकत होता. लहान स्नायूंमध्ये ताठरपणा आधी जाणवतो. कूस वळवताना पाठीवर जांभळट डाग दिसला, खाली उतरून साचलेल्या रक्ताचा. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी अंगठा दाबला. डाग पांढरा पडला आणि पुन्हा भरला. म्हणजे अजून पक्का झाला नव्हता, फार तास उलटलेले नव्हते. पण एक तासही नव्हता.

हे सगळं मी परीक्षेत लिहिलंय. स्नायूत मायोसिनची टोकं ॲक्टिनच्या धाग्याला धरतात, ओढतात आणि सोडतात. यातल्या सोडण्यासाठी एटीपीचा रेणू लागतो. मूठ वळलेली राहायला नव्हे, ती सैल पडायला. श्वास थांबला की पेशी साठवलेल्या ग्लायकोजेनवर काही काळ तग धरतात, लॅक्टिक आम्ल साचत जातं आणि एटीपी संपतं. तोवर कोठारातलं कॅल्शियम गळलेलं असतं. त्याने टोकं धाग्याला चिकटतात आणि मग त्यांना सोडवणारं कुणी उरत नाही. पुढे पेशींचीच एन्झाइम्स ती प्रथिनं तोडू लागतात आणि शरीर पुन्हा सैलावतं. पेशीत अशा एन्झाइम्सच्या पिशव्या असतात, लायसोसोम. १९५५ साली क्रिस्तियाँ द ड्यूव यांनी त्यांना हे नाव दिलं. पेपरात हे सालसुद्धा मी लिहिलं होतं. आजीची बोटं अर्धवट मिटलेली होती आणि आत्या ती सरळ करू पाहत होती. "शेवटपर्यंत हट्टी," म्हणाली.

माझा अंदाज होता, साडेबारा ते तीन. साडेबाराच मनात का आलं, तेही मला माहीत होतं. तेव्हा मी हेडफोन लावून मालिका बघत होते. स्टीलचा पेला कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मी एका कानातलं काढलं, दोन सेकंद ऐकलं, पुन्हा घातलं.

डोळा सहा तासांच्या आत काढलेला बरा. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो पडद्यातलं पाणी सतत बाहेर उपसत राहतो. म्हणून तो काचेसारखा स्वच्छ. या उपशालाही एटीपीच लागतं. ते संपत गेलं की पडदा फुगतो, धुरकट होतो. या पेशी माणसात नव्याने तयारही होत नाहीत.

सातला नेत्रपेढीचा मुलगा आला, माझ्याच वयाचा. साडेबारा धरले तर सहा तास उलटून गेले होते. मी त्याला जिन्यातच गाठलं. जबडा, मान, कोपर, डाग, सगळं सांगितलं. पेल्याचंही सांगितलं. "उन्हाळा आहे, उकाड्यात ताठरपणा लवकर येतो, त्यामुळे नंतरही गेल्या असतील," असंही म्हणाले. हे शास्त्र म्हणून बरोबर आहे. पण तेव्हा मी ते शास्त्रासाठी बोलत नव्हते.

त्याने ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. आपण घेऊ. पेशी मायक्रोस्कोपखाली बघतात. कमी निघाल्या तर बसवत नाहीत, शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाला जातात."

वीसेक मिनिटांत झालं. आजी तशीच दिसत होती. त्याने फॉर्मवर लिहिलं, रात्री १२.३० ते ३. बाबांनी सही करताना ती ओळ वाचली, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पेन परत दिलं. दुपारी तिथीसाठी गुरुजींनी वेळ विचारली, तेव्हा मात्र म्हणाले, "पहाटे, पाचनंतर."

रात्री गच्चीवर ते माझ्याशेजारी येऊन बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तिने हाक मारली होती का गं?"

"नाही," मी म्हणाले.

ते खरंच आहे. हाक नव्हती मारली.