पहारीचा आवाज

मुलांनो, बारामतीहून इंदापूरकडे निघालात, की नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला ऊसच ऊस दिसतो. वरच्या अंगाला मात्र उताराची माळरानं. कडबनवाडीकडे तर नजर जाईल तिथं गवत, आणि नशीब असेल तर चिंकारा हरणं!

अशाच एका माळाच्या कडेला आमच्या चौथीच्या वर्गानं चाळीस रोपं लावली होती. सुट्टीतसुद्धा मुलांनी कळशीनं पाणी घातलं. मे महिन्यात मोजली, तर अकराच जिवंत! मुलं हिरमुसली. मीही. गावात विहिरी खणण्यात आयुष्य गेलेले एक आजोबा आहेत. ते म्हणाले, "बाई, पाणी नाही कमी पडलं. जागा चुकली."

त्यांनी आधी आम्हाला ओढ्यात उतरवलं. काठाच्या कापात वर माती, मधे पिवळसर मुरूम आणि तळाला काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा खडक. तोच झिजून मुरूम होतो आणि मुरमाची माती. पण उतारावरची माती पावसाबरोबर खाली येते. म्हणून जगलेली अकराही रोपं ओढ्याजवळची!

मग वर चढलो. आजोबांनी पहार मारली. 'खर्र' करून रुतली, म्हणजे मुरूम. त्याच्या फटींतून मुळं उतरतात. पुढं मात्र वीतभर खाली 'खण्ण' वाजली आणि हाताला झिणझिण्या आल्या.

"कातळ!" पोरं ओरडली.

"थांबा की! धोंडाही असंल."

हे मला नवीन होतं. खडक भेगांतून कुजतो, आधी कोपरे झिजतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधला गोल धोंडा मुरमात तसाच राहतो. म्हणून चारी बाजूंना हातभर अंतरावर पहार मारून बघायची. एका बाजूनं खोल गेली, तर धोंडा. सगळीकडं वीतभरावरच वाजली, तर बहुतेक कातळच.

आजोबांनी आणखी एक खूण सांगितली. पाऊस उघडला, की जिथलं गवत सर्वांत आधी पिवळं पडतं, तिथं माती पातळ.

माथ्यावर आम्ही आता खड्डे घेणार नाही. तिथं गवतच बरं, हरणांनाही तेच हवं. खाली उतरताना मुलांनी मुरमाच्या जागांवर चुन्याच्या खुणा केल्या. तेवीस भरल्या. पहार उचलायला मात्र दोघं लागत होते.