राणीची बाग, बुधवार सोडून!

आमच्या पुसेगावहून (जिल्हा हिंगोली) भाचरं मुंबईत आली की मॉलबिल काही नको असतं. ‘मावशी, पेंग्विन!’ एवढीच फर्माईश. पण पोरांच्या हातात एकच दिवस असतो, म्हणून प्लॅन पक्का हवा. बुधवारी बाग बंद. रविवारी प्राण्यांपेक्षा माणसंच जास्त दिसतात. तेव्हा सरळ एक सीएल टाका आणि सकाळीच भायखळा पूर्वेला उतरा. सोलहून २०१६ मध्ये आलेले पेंग्विन आधी उरका, नंतर रांग वाढते.

मग खरी बाग बघा. १८६२ मध्ये खुली झालेली ही मुळात झाडांची बाग. २००७ मध्ये नूतनीकरणाचा आराखडा आला, तेव्हा लोक भांडले ते या झाडांसाठीच. गोरखचिंचेच्या बुंध्याला किती जणांची मिठी पुरते, ते पोरांना मोजू द्या. आणि फोर्टवाल्यांनो, तुमच्या नाक्यावरून १९६५ मध्ये हलवलेला ओरिजिनल काळा घोडा इथेच आहे, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट! शेजारचं भाऊ दाजी लाड म्युझियम जमलं तर बघा. तेही बुधवारी बंदच.

पाण्याच्या बाटल्या मात्र भरून न्या. एसी फक्त पेंग्विनकडे आहे.