चिवचिवणारी जमीन

चालताना पैंजण वाजतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पायाखालची जमीनच चिवचिवायला लागली तर? ही गंमत अनुभवायची असेल, तर जपानमधल्या क्योतो शहरातला निजो किल्ला गाठायला हवा.

तोकुगावा इएयासू या शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याने, १६०३ साली हा किल्ला बांधून घेतला. आपल्या रायगडासारखा तो डोंगरावर नाही. भर शहरात, सपाटीवर, भोवती पाण्याचा खंदक! आत आहे निनोमारू राजवाडा. एकमेकींना जोडलेल्या सहा इमारती, तेहतीस खोल्या, आणि सारं बांधकाम लाकडी.

दाराशी बूट काढायचे आणि मोज्यांनिशी आत शिरायचं. लांबलचक ओसरीवर पाऊल टाकलं, की आवाज येतो, 'चुईं चुईं'! उगुइसू नावाच्या जपानी पक्ष्यावरून या जमिनीला 'उगुइसुबारी' म्हणतात. फळ्यांखाली लोखंडी पट्ट्या आहेत. पायाच्या भाराने फळी किंचित दबते, पट्टी खिळ्यावर घासते आणि जमीन बोलते. रात्री चोरपावलांनी येणारा शत्रू कळावा म्हणून ही युक्ती केली, अशी गोष्ट सांगतात. पण वर्षानुवर्षांच्या वापराने खिळे सैल झाले आणि आवाज येऊ लागला, असंही जाणकारांचं म्हणणं आहे.

आवाजाचं राहू द्या. मुळात जमीन लाकडाची का केली? उत्तर घरीच सापडेल. थंडीत सकाळी आधी फरशीवर बसा, मग पाटावर. फरशी गार लागते, पाट लागत नाही. खरं तर दोघांचं तापमान सारखंच! फरशी अंगातली उष्णता झटकन ओढून घेते. लाकडात मात्र हवेच्या बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे ते उष्णता सावकाश घेतं.

शिवाय क्योतोचा उन्हाळा दमट. म्हणून फळ्या मातीपासून उंचावर बसवतात. खालून वारा खेळतो, ओल धरत नाही. एखादी फळी खराब झाली, तर तेवढीच बदलता येते. लाकडाची जमीन थोडी लवचीकही असते. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये उड्या मारून गुडघे फार दुखत नाहीत, ते यामुळेच!

मात्र लाकडाचा मोठा वैरी म्हणजे आग. १७५० साली वीज पडून याच किल्ल्याचा पाच मजली मनोरा जळाला. १७८८ मध्ये शहरात आग लागली, तिने आतला दुसरा वाडा गिळला. निनोमारू वाचला आणि आज चारशे वर्षांनंतरही त्यावरून माणसं चालताहेत. लाकूड टिकतं, पण त्याला निगा हवी. जपानमधल्या शाळांत मुलं आपल्या वर्गाची जमीन स्वतः फडक्याने पुसतात, ती सवय काही उगाच नाही.

तुमच्या आजोळी जुन्या घराला लाकडी माळा आहे का? तो पायाखाली करकरला, तर घाबरू नका, हसण्यावारीही नेऊ नका. खिळा सैल झालाय की वाळवी लागलीय, हे मोठ्यांना बघायला सांगा. जमीन बोलते, ती कुणीतरी ऐकायला हवी ना!