आधी धूर पाहा, मग पाना उचला

आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी ऐन भरात असते तेव्हाच सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात थंडीही भरात असते. सातपुड्यावरून गार वारा उतरतो आणि पहाटेचा पारा आठ-दहा अंशांवर येतो. क्रेट लादलेली गाडी सकाळीच सावनेरमार्गे नागपूरच्या कळमना बाजारात पोचली पाहिजे. उशीर झाला की भाव पडतो, आणि वर्षभर जपलेल्या मालाला तो फटका सोसवत नाही. अशाच एका हिवाळ्यात आमची जुनी डिझेल पिकअप पहाटे रुसू लागली. सेल्फ फिरत राहायचा, पण इंजिन उचलायचं नाही. मग एकाएकी थरथरत, पांढरा धूर ओकत चालू व्हायचं. एकदा गरम झाली की दिवसभर मात्र हाफ सेल्फवर स्टार्ट.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं बॅटरी बदला, कुणी म्हणालं पंप उतरवून लॅबला द्या, कुणी नोझलवर बोट ठेवलं. प्रत्येक सल्ला हजारोंचा होता. मी गाडी सौंसरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, "रातभर गाडी इथंच राहू द्या भाऊ. गरम इंजनात थंडीचा रोग दिसत नाही. सकाळी पहिले धूर पाहू, गाडी सोताच सांगते तिले काय होऊन राहिलं ते."

त्या सकाळी जे शिकलो, ते आजवर उपयोगी पडतं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने 1897 साली पहिलं यशस्वी इंजिन चालवलं तेव्हापासून तत्त्व एकच: हवा इतकी दाबायची की ती तापून फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं. थंडीत इंजिनचं लोखंड गार असतं आणि दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतं. म्हणून आमच्या गाडीसारख्या जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एकेक हीटर प्लग असतो. सेल्फ मारताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर आला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. उष्णता कमी पडते आहे. धूरच आला नाही, तर डिझेलच पोचत नाही. अर्धा तपास इथेच होतो.

आमच्या गाडीने पांढरा धूर काढला. मिस्त्रींनी आधी बॅटरी पाहिली, कारण सेल्फ मंद फिरला तर हवा नीट दाबलीच जात नाही. उभ्या गाडीत साडेबारा व्होल्ट होते आणि सेल्फ मारताना काटा दहाच्या वर राहिला. साडेनऊच्या खाली गेला असता तर आधी टर्मिनल घासायचे, अर्थिंगची वायर कसायची आणि त्यानंतरच बॅटरीला दोष द्यायचा, हा त्यांचा क्रम.

मग हीटर. चारही प्लगना जोडणारी पट्टी त्यांनी सोडवली. एका बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावली आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवली. पहिल्यावर बल्ब लागला, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर लागला. दोन प्लग आतून तुटलेले. बाहेर काढल्यावर एकाचं टोक फुगून चिरलेलं दिसलं. इंजिन सुरुवातीला थरथरायचं ते यामुळेच: पहिलं अर्धं मिनिट दोनच सिलिंडर पेटायचे. नवे प्लग बसवण्याआधी त्यांनी चावी फिरवून पट्टीच्या वायरवर करंट येतो का तेही पाहिलं. रिले मेलेला असेल तर नवे प्लगही थंडच राहतात.

गाडी सुधारली, पण पूर्ण नाही. बांधावर तोंड चढाकडे करून उभी केली की सकाळी सेल्फ लांबायचा, आणि या वेळी धूर अजिबात नसायचा. म्हणजे दुसरा रोग. मिस्त्रींनी फिल्टर आणि पंपामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. सेल्फ मारताच पिवळसर डिझेलमधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक सरकू लागले. कुठून तरी हवा शिरत होती आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परतत होतं. टाकीजवळची रबरी नळी क्लिपखाली तडकली होती आणि फिल्टरच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर चेपला होता. दोन्ही बदलून हातपंपाने हवा काढली, आणि चढावर उभी केलेली गाडीही पहाटे लगेच उचलू लागली. खर्च पंप उतरवण्याच्या मजुरीपेक्षाही कमी.

आमच्याकडे पुष्कळ जण म्हणतात, थंडीनं डिझेल गोठलं. लडाखमध्ये ते खरं आहे. पण भारतीय मानक आयएस 1460 नुसार हिवाळी डिझेलचा ओतनबिंदू, म्हणजे ज्याखाली ते वाहत नाही ते तापमान, कमाल 3 अंश असतो. आठ-दहा अंशांच्या पहाटे डिझेल गोठण्यापेक्षा फिल्टरमध्ये साचलेलं पाणी आणि गाळ जास्त छळतो. खालचा बोल्ट सैल करून ते पाणी काढायला पाच मिनिटं लागतात. ऑइल जुनं आणि घट्ट असेल तर तेही सेल्फला जड करतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हवेच्या पाइपाशी पेटती चिंधी धरणं किंवा ऑइल चेंबरखाली पलिता लावणं आजही गावोगाव चालतं. गळक्या डिझेलशेजारी हा जाळ म्हणजे माणसाच्या आणि गाडीच्या जिवाशी खेळ आहे. हीटर प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारणंही तितकंच घातक: तापलेल्या टोकावर तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.

शेतकऱ्याची जुनी गाडी हा त्याच्या घराचा आधार असतो. ती अडली की घाबरून सुटे भाग बदलत बसू नका. थंड गाडीवर धूर पाहा, मग बॅटरी, मग हीटर, मग हवा; पंप आणि नोझलला हात सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं दिवाळीच्या आसपास, तोडणी भरात येण्याआधीच करून घ्या.