धूळवाफेची पेरणी

खानापूर-बेळगावकडच्या घरांत धूळवाफेची पेरणी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मृगाचा पाऊस येण्यापूर्वीच शेतकरी कोरड्या मातीत भाताचे बी टाकतो. त्याला कोणी वेडा म्हणत नाही. कारण त्या पेरणीमागे पिढ्यांचा अनुभव असतो. तथापि आपल्याच आयुष्यात ऋतू पालटला की हाच मनुष्य गांगरून जातो. देवाने आजवर सांभाळले हे ठाऊक असूनही उद्याचा भरवसा त्याला वाटत नाही.

यजमानांच्या निधनानंतर माझी अवस्था अशीच झाली. शेत दिरांनी कसावे व मी मुलाकडे बडोद्यास राहावे, असे ठरले. मुलगा-सून मायाळू, तेथे उणे काही नव्हते. परंतु पस्तीस वर्षांची चूल, अंगणातला क्रूस आणि सायंकाळची घंटा मागे राहिली. तिकडच्या ख्रिस्तमंदिरात मिस्सा गुजरातीतून होई. ज्या शब्दांनी जन्मभर देवाला हाक मारली, ते शब्द तेथे कोणाच्याच ओठी नव्हते. कित्येक महिने जपमाळेचे मणी बोटांतून सरकत, पण मन कोरडेच राही.

त्या दिवसांत संत जोसेफ वाझ ह्यांचे चरित्र मला फार जवळचे वाटले. १६५१ साली गोव्यातील बाणावली येथे जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ मध्ये सिलोनास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, पोहोचले. तेथील डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव केला होता. म्हणून ते मजुराच्या वेषात गेले. पोहोचताच आजाराने गाठले. पुढे कँडीत पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना बंदीत टाकले. अशाही स्थितीत त्यांनी तमिळ व सिंहली भाषा आत्मसात केल्या, आणि गोव्यास न परतता १७११ मध्ये कँडीसच देह ठेवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. उद्या काय होणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. आजची सेवा तेवढी ठाऊक होती.

मग मीही एक नेम केला : मन लागो वा न लागो, मिस्सा चुकवायची नाही. शब्द कळत नसले, तरी गुडघे केव्हा टेकायचे हे कळत होते. वेदीवरचा ख्रिस्त तोच होता, जो आमच्या गावी होता. आता प्रभूने शिकवलेली प्रार्थना मी गुजरातीतून अडखळत म्हणते, आणि रात्री नातवंडांना घेऊन मराठीतून म्हणते. दुःख सरले असे मी म्हणणार नाही. गावची आठवण आली की आजही डोळे भरतात. पण आता त्या आसवांसह मला प्रार्थना करता येते.

भगिनींनो, सासरी नव्याने गेलेली मुलगी असो, नोकरीसाठी परमुलखात गेलेला मुलगा असो, की माझ्यासारखी विधवा असो. अशा काळात मन गोड होण्याची वाट पाहू नये. एखादा लहानसा नेम धरावा आणि तो सोडू नये. पेरणीच्या दिवशी शेत हिरवे दिसत नसते. बी टाकणे आपले, पाऊस त्याचा.