ओळ न् ओळ वाचून

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेटा फोल्डरमध्ये 'पीजी_व्हर्जन' नावाची एक बारकी फाइल असते. उघडली तर आत एकच आकडा. माझ्या घरच्या संगणकावर गेली काही वर्षं तिथे १३ होता. अठराव्या आवृत्तीचा सर्व्हर त्या फोल्डरवर सुरू करायला गेलं, तर तो आधी ही फाइल वाचतो, आकडा आपला नाही असं सांगतो आणि थांबतो. एकाही नोंदीला हात लावत नाही. मला हे वागणं फार आवडतं. जे आपल्याला नीट वाचता येणार नाही, ते अंदाजाने वाचायला घ्यायचं नाही, हा डेटाबेसचा पहिला सभ्यपणा आहे.

नोकरीत मी डेटाबेस सांभाळण्याचंच काम करत आले. घरी जो डेटाबेस आहे तो मात्र पगाराचा नाही, आवडीचा आहे. त्यात दिवाळी अंकांची सूची आहे. 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली काढला, तिथून पुढे जे जे अंक हाताशी आले, ग्रंथालयांत बसून पाहता आले, ते ते त्यात आहेत: अंक, वर्ष, संपादक, लेखक, लेखनाचं नाव, पान. ग्रंथालयातल्या एक बाईही माझ्याबरोबर नोंदी भरतात. दोघींनी मिळून भरलेली ही सूची आकाराने काहीच नाही. तिच्यासारख्या शेकडो सूची एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतील. पण ती पुन्हा करता येणार नाही. त्यातले काही अंक आम्ही पाहिले तेव्हाच पानं सुटलेले होते.

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा येते आणि साधारण पाच वर्षं तिची डागडुजी होत राहते. तेरावी २०२० मध्ये आली. तिचा शेवटचा दुरुस्तीसंच नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला. मधल्या छोट्या आवृत्त्यांचं, म्हणजे १३.४ वरून १३.५ वर जाण्याचं, काम सोपं असतं: जुना प्रोग्रॅम काढायचा, नवा ठेवायचा, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. फाइलींची रचना तीच राहते. २०१७ मध्ये दहावी आवृत्ती येईपर्यंत ही विभागणी आकड्यांवरून कळत नसे. ९.५ वरून ९.६ ही मोठी उडी असायची, आणि अनेक जण ती छोटी समजायचे. आता पहिला आकडा बदलला की मोठी उडी, इतकं सरळ आहे.

घरच्या संगणकावर ही उडी मारायचीच कशाला, असं कुणी विचारेल. सर्व्हर इंटरनेटला उघडा नाही, चालतंय ते चालू द्यावं. माझं उत्तर असं, की आज नव्या आवृत्तीचं पीजी-डंप हे साधन ९.२ पर्यंतच्या जुन्या सर्व्हरमधून माहिती काढून देतं. त्याआधीच्या सर्व्हरला ते हात लावत नाही. पूर्वी ही मर्यादा आणखी मागे होती, ती पुढे सरकत आली. आपण जागचे हललो नाही, तरी दार आपल्यापासून लांब जात राहतं. ज्या सूचीचा उपयोग माझ्यानंतर कुणी करावा असं मला वाटतं, तिच्या बाबतीत मी हे चालवून घेणार नाही.

"अगं आत्या, एवढ्याशा डेटाबेसला डंप कशाला काढतेस? पीजी-अपग्रेड चालव, मिनिटभरात मोकळी होशील." माझा भाचा एका कंपनीत हेच काम करतो, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे.

पीजी-अपग्रेडमागचा विचार खरोखर हुशारीचा आहे. पोस्टग्रेसमध्ये दोन प्रकारची माहिती असते. एक आपली: ती आठ-आठ किलोबाइटच्या पानांत साठवलेली असते, आणि त्या पानांची मांडणी वर्षानुवर्षं क्वचितच बदलते. दुसरी डेटाबेसची स्वतःबद्दलची: कोणती टेबलं आहेत, कोणते रकाने, कोणते प्रकार, कोणाला काय करता येतं. ही दुसरी माहिती प्रत्येक मोठ्या आवृत्तीत बदलते. ब्रूस मॉमजियन यांनी यावरच बोट ठेवलं: बदलणारा भाग तेवढा नव्याने लिहावा, आणि आपल्या माहितीच्या फाइली जशाच्या तशा उचलून नव्या घरात ठेवाव्यात. आधी हे साधन पीजी-मायग्रेटर या नावाने वेगळं फिरत होतं. २०१० मध्ये ९.० बरोबर ते पोस्टग्रेसच्या पोटात आलं. 'लिंक' पर्याय दिला तर फाइलींची प्रतसुद्धा होत नाही; त्याच फाइलीला नव्या फोल्डरमधून दुसरं नाव मिळतं. टेराबाइटभर माहितीचा डेटाबेस रात्रीच्या अर्ध्या तासात नव्या आवृत्तीवर नेता येतो तो यामुळे. अठराव्या आवृत्तीत तर क्वेरीचा आराखडा ठरवण्यासाठी लागणारी आकडेवारीही बरोबर येते. पूर्वी ती नव्याने गोळा होईपर्यंत सर्व्हर चाचपडायचा.

हे सगळं त्या रात्रीच्या अर्ध्या तासासाठी आहे. माझ्या सर्व्हरची वाट कुणी पाहत नसतं. तो रविवारी दिवसभर बंद राहिला तरी बिघडत नाही. मग जी घाई कंपनीला परिस्थितीने करावी लागते, ती मी घरी का करू? वेग वाढवण्यासाठी पीजी-अपग्रेड जे टाळतं, तेच मला हवं असतं: प्रत्येक नोंद वाचली जाणं. पावसाळा सरला की पोथ्या फडक्यातून सोडून उन्हात मांडतात, पान न् पान सुटं करतात, तेव्हाच कसर लागलेलं पान नजरेला पडतं. डंप आणि रिस्टोअर म्हणजे मला तेच वाटतं.

पीजी-डंप जुन्या सर्व्हरशी बोलून सगळी माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून काढतं. आधी टेबलं कशी बनवायची त्याच्या आज्ञा, मग 'कॉपी' असं म्हणून एकेका नोंदीची एकेक ओळ, रकान्यांमध्ये टॅब, आणि सर्वांत शेवटी इंडेक्स आणि बंधनं. ही फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. देवनागरी तशीच्या तशी दिसते. मी ती नुसती बघत बसते, आणि त्या बघण्यातून काही ना काही सापडतंच. यावेळी आडनावात सापडलं. 'कऱ्हाडे' हे नाव दोनदा होतं, पडद्यावर अगदी एकसारखं. पण एकीने ते 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने लिहिलं होतं, दुसरीने साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घातलं होतं. वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळं लिहितात. डोळ्याला एक लेखक, डेटाबेसला दोन.

डंप नव्या आवृत्तीच्या साधनाने काढायचा, जुन्याच्या नव्हे. नव्याला जुन्याची भाषा येते, जुन्याला नव्याची कुठून येणार? आणि वापरकर्ते व त्यांचे पासवर्ड कोणत्याही एका डेटाबेसमध्ये राहत नाहीत, ते सगळ्या क्लस्टरचे, म्हणजे एका सर्व्हरखालच्या साऱ्या डेटाबेसांचे मिळून, असतात. त्यासाठी पीजी-डंपऑल वेगळं चालवायचं. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

डेबियन-उबंटूवर एक मोठी सोय अशी, की दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. जुना क्लस्टर ५४३२ या पोर्टवर चालूच राहतो, नवा ५४३३ वर उभा राहतो. एकीकडून काढायचं, दुसरीकडे भरायचं. जुन्यातलं काही पुसलं जात नाही. हेच सगळं एका आज्ञेत करणारं पीजी-अपग्रेडक्लस्टर तिथे आहे, आणि पर्याय दिला नाही तर तेही डंपचाच मार्ग धरतं. 'लिंक' पर्यायात मात्र नवा सर्व्हर एकदा सुरू झाला, की जुन्याकडे सुखरूप परतता येत नाही, कारण फाइली दोघांच्या एकच. मागे वळण्याची वाट सोडून द्यावी, असं काहीही माझ्या घरच्या कामात नाही.

रिस्टोअर चालू असताना शेवटच्या टप्प्यावर, इंडेक्स बांधले जात असताना, सर्व्हर अडला. अंकाची ओळख म्हणून जो रकाना आहे, 'दीपावली-१९६२' अशा धाटणीचा, तो एकमेव असावा असं बंधन पहिल्या दिवसापासून आहे. तरीही त्यातल्या काही ओळखी दोन-दोनदा होत्या. जुन्या सर्व्हरवर ते बंधन शाबूत दिसत होतं. मग दुसरी नोंद आत शिरली कशी?

याचं उत्तर डेटाबेसमध्ये नसतं, त्याच्याखालच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतं. इंडेक्स हा क्रमावर उभा असतो. कोणता मजकूर आधी आणि कोणता नंतर, हे ठरलेलं असेल तरच त्यात शोध लागतो. पोस्टग्रेस हा क्रम बहुधा लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतं. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने जगभरच्या लिप्यांचा क्रम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलला. बदल योग्यच होता. साधी परीक्षा अशी: '११' आणि '१-१' हे इंग्रजी अंकांत लिहून सॉर्ट करायला द्यावेत. जुनी लायब्ररी '११' आधी ठेवते, नवी '१-१'. जोडरेघेची किंमतच बदलली. आता ज्या रकान्यातल्या प्रत्येक नोंदीत जोडरेघ आहे, त्याचा इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेला, आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर शोध नव्या क्रमाने. 'हा अंक आधीच आहे का?' असं विचारत सर्व्हर भलत्याच फांदीवर जातो, तिथे काही नसतं, आणि तो निर्धास्तपणे दुसरी नोंद घेतो.

पीजी-अपग्रेडने हे इंडेक्स तसेच उचलून अठराव्या आवृत्तीत ठेवले असते. कुठलीही चूक दाखवली गेली नसती. डंपमध्ये इंडेक्स येतच नाहीत, फक्त ते बांधण्याची आज्ञा येते. म्हणून बांधताना खरं बाहेर पडलं. त्या जोड्या एकत्र करायला आम्ही दोघी पुन्हा ग्रंथालयात बसलो. एका नोंदीत किंमत होती, दुसरीत मुखपृष्ठकाराचं नाव. प्रत्यक्ष अंक हातात घेतल्याशिवाय कोणती ठेवायची ते ठरत नव्हतं. भाच्याला हे फोनवर सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ प्रश्न विचारत राहिला. त्यांच्याकडचे मजकुराचे इंडेक्स तो आता ॲमचेक या साधनाने तपासून घेणार आहे.

नव्याने भरण्याचे आणखी दोन फायदे झाले. अठराव्या आवृत्तीत नवा क्लस्टर उभा करताना प्रत्येक पानाची चेकसम ठेवणं आपोआप चालू असतं, म्हणजे डिस्कवर एखादं पान बिघडलं तर वाचताना लगेच कळतं. पीजी-अपग्रेडला मात्र जुन्या आणि नव्या क्लस्टरची ही ठेवण सारखीच लागते. जुन्यात चेकसम नसेल तर आधी ती तिथे लावा, नाहीतर नव्यातली बंद ठेवा.

दुसरा फायदा माझ्या दृष्टीने त्याहून मोठा. क्रम कोणाला विचारायचा, हे मला नव्याने ठरवता आलं. सतराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसकडे स्वतःचा क्रम आहे: अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांप्रमाणे, कोणत्याही बाहेरच्या लायब्ररीवर न विसंबणारा. ऑपरेटिंग सिस्टिम कितीही बदलली तरी तो हलत नाही. सगळा डेटाबेस मी त्यावर ठेवला. पण युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये आहे. त्या क्रमाने लेखकसूची छापली तर काळे कावळ्यांच्या आधी येतात आणि क्षीरसागर 'क'च्या शेपटीला, 'ख'च्या अलीकडे. मराठी वाचक असं शोधत नाही. तो 'ह' संपल्यावर 'ळ' पाहतो, त्यानंतर 'क्ष' आणि 'ज्ञ'. म्हणून सूची दाखवण्यासाठी डेटाबेसमध्येच साठवलेल्या क्वेरीत, आणि फक्त तिथेच, मी आयसीयू लायब्ररीचा मराठी क्रम मागते. तोही कधी बदलेल. पण त्यावर कुठला इंडेक्स उभा नाही, त्यामुळे बदलला तर फक्त छापील क्रम बदलेल, नोंदी नाहीत. काळे आता कासारांच्या नंतर येतात.

सगळं भरून झाल्यावर आधी 'ॲनलाइझ' चालवलं, मग नव्या सर्व्हरमधून पुन्हा डंप काढला आणि जुन्या डंपशी ओळीला ओळ लावून ताडून पाहिला. दोन्ही डंप एकाच साधनाने काढलेले असले की ही तुलना जमते. डोक्यावरच्या काही ओळी वेगळ्या असणारच, कारण तिथे सर्व्हरची आवृत्ती लिहिलेली असते. बाकी फरक दिसले ते आम्ही मुद्दाम एक केलेल्या नोंदींचे, आणि क्रम ठरवणाऱ्या त्या एका क्वेरीचे. याहून एकही अधिक फरक मी सोडून दिला नसता.

'कऱ्हाडे' अजून दोन आहेत. पोस्टग्रेसचं नॉर्मलाइझ हे फंक्शन इथे उपयोगाचं नाही, कारण ते न दिसणारं जोडचिन्ह युनिकोडच्या नियमाने तसंच राहतं. सगळ्या रकान्यांतून ते शोधून तिथे 'ऱ' घालावा लागेल, आणि पुढे नोंद भरतानाच तसं होईल असा ट्रिगर लिहावा लागेल. ते होईपर्यंत ५४३२ वरचा जुना सर्व्हर बंद करून ठेवलाय; पुसलेला नाही.