उणे व्होल्टची खूण

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील घोडेगाव (ता. नेवासा) हे गाव जनावरांच्या बाजारामुळे आणि कांद्याच्या लिलावामुळे दूरवर ओळखले जाते, त्याच्या आसपास सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर हे सहकारी साखर कारखाने आहेत, गावोगावी दूध संकलन केंद्रे आहेत, आणि या साऱ्या व्यवहाराचा शेवट कुठल्या ना कुठल्या काट्यावर होतो. ऊस, कांदा वा सरकी भरलेले वाहन भुईकाट्यावर चढते, प्लॅटफॉर्मखालच्या लोडसेलमधून, म्हणजे दाब पडला की सूक्ष्म विद्युतदाब देणाऱ्या घटकांतून, आलेला संकेत इंडिकेटर नावाच्या आकडे दाखवणाऱ्या पेटीत पोहोचतो, आणि पावती संगणकावर छापायची असेल तर तो आकडा अनेक ठिकाणी अजूनही ज्या वाटेने जातो ती वाट म्हणजे सिरियल पोर्ट. माहितीचे बिट एकामागून एक, एकाच तारेवरून पाठवणारी ही जोडणी घरगुती संगणकांवरून जवळजवळ नाहीशी झाली असली तरी काट्याच्या केबिनमध्ये आणि दुधाची फॅट मोजणाऱ्या यंत्रामागे ती टिकून आहे. त्यामुळे जुन्या संगणकाच्या पोर्टवरील कोणती पिन कशासाठी आहे हे ओळखण्याची विद्या जितकी जुनी यंत्रे जपणाऱ्याला लागते, तितकीच काट्याची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञालाही लागते.

या जोडणीचे मानक अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये आरएस-२३२ या नावाने प्रसिद्ध केले आणि १९६९ मध्ये निघालेली त्याची ‘सी’ आवृत्ती पुढे जगभर रूढ झाली. तारेच्या एका टोकाला टर्मिनल आणि दुसऱ्या टोकाला मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून माहिती नेणारे उपकरण, असेल असे गृहीत धरून हे मानक रचलेले होते आणि पिनांची नावे टर्मिनलच्या बाजूने ठेवलेली होती. २५ पिनांच्या कनेक्टरवर २ क्रमांकाची पिन ‘पाठवलेला डेटा’ आणि ३ क्रमांकाची ‘घेतलेला डेटा’ असे म्हणताना टर्मिनल २ वर बोलते आणि मोडेम त्याच २ वर ऐकतो. टर्मिनल आणि मोडेम यांच्यात म्हणूनच सरळ तार चालते, पण दोन्ही टोकांना संगणक असतील तर दोघेही २ वर बोलू लागतात, ३ वर दोघेही ऐकत बसतात, आणि तारेत २ व ३ यांची अदलाबदल केल्यावाचून काहीच घडत नाही. अशा उलटसुलट जोडलेल्या तारेला नल मोडेम म्हणतात. प्रिंटर, काट्याचा इंडिकेटर, दुधाचे यंत्र, बारकोड वाचणारे उपकरण यांतले काहीच मूळ कल्पनेतील टर्मिनल नव्हते आणि मोडेमही नव्हते, त्यामुळे आपले यंत्र कोणत्या भूमिकेत उभे करायचे हे प्रत्येक उत्पादकाने आपल्या सोयीने ठरवले. पिनांबाबतचा आजचा सगळा गोंधळ या एका गोष्टीतून निघालेला आहे.

कनेक्टरच्या आकारावरून फारसे काही ठरत नाही, उलट फसगतच होते. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीवर सिरियल पोर्ट २५ पिनांचा नर होता आणि प्रिंटरचा पॅरलल पोर्ट त्याच मापाची २५ छिद्रांची मादी होता. १९८४ च्या पीसी एटीपासून सिरियल पोर्ट ९ पिनांचा झाला, पण त्या काळच्या मॉनिटरच्या जोडणीलाही ९ छिद्रेच होती. त्यातही २५ पिनांवर पाठवण्याची पिन २ आणि घेण्याची ३ असताना ९ पिनांवर हे क्रमांक नेमके उलटले, आणि सिग्नल ग्राउंड, म्हणजे बाकी सर्व विद्युतदाब ज्याच्या तुलनेत मोजायचे ती समाईक तार, ७ वरून ५ वर आली. क्रमांक वाचतानाही सावध राहावे लागते, कारण रुंद ओळ वर धरून समोरून पाहिले तर नर कनेक्टरवर पिन १ डावीकडे असते आणि मादीवर उजवीकडे, आणि सोल्डर करायच्या मागच्या बाजूने पाहिले की क्रम पुन्हा उलटतो. कनेक्टरच्या प्लॅस्टिकमध्ये बारीक अक्षरांत कोरलेले आकडे भिंगातून वाचण्यात जाणारा अर्धा मिनिट वाचवू नये.

खरी खूण विद्युतदाबात आहे. आरएस-२३२ मध्ये तार मोकळी असताना, म्हणजे काहीच पाठवले जात नसताना, पाठवणारी पिन शून्यावर नसते तर ठामपणे उणे बाजूला असते. मानकानुसार उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ हा बिट, अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ० हा बिट, आणि मधला पट्टा अर्थहीन. विश्रांतीची स्थिती १ ची धरलेली असल्यामुळे चालू यंत्राच्या पोर्टवर मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब एकेका पिनेला लावत गेल्यास जिथे उणे ८, उणे ११ असा आकडा दिसतो ती पिन या यंत्राकडून बोलणारी आहे असे समजावे. ऐकणारी पिन मात्र शून्याच्या जवळ राहते, कारण प्रत्येक घेणाऱ्या परिपथात ग्राउंडकडे ३ ते ७ किलोओहम रोध असावा असे मानक सांगते; यंत्र बंद करून त्याच पिनेचा ग्राउंडशी रोध मोजला आणि तो या मर्यादेत भरला, तर ती पिन ऐकणारी असल्याची दुसरी साक्ष मिळते.

अडचण इतकीच की पोर्टवर उणे दाब दाखवणारी पिन एकटी नसते. माहितीच्या दोन तारांखेरीज ‘मी तयार आहे’, ‘पाठवू का’, ‘पाठव’ असे इशारे देणाऱ्या तारा असतात, ज्यांच्या देवाणघेवाणीला हँडशेक म्हणतात, आणि त्यांतल्या या यंत्राकडून निघणाऱ्या दोन्ही तारा पोर्ट कुणी उघडलेला नसेल तर उणेच असतात. यातून वाट काढण्याचा उपाय सोपा आहे: संगणकावर पोर्ट वापरणारा प्रोग्राम सुरू केला की इशाऱ्याच्या तारा सहसा उणेवरून अधिककडे उडी मारतात आणि माहितीची तार उणेवरच राहते, म्हणून आधी आणि नंतर अशी दोन मोजमापे शेजारी लिहिली की पिना आपोआप वेगळ्या होतात.

ही तपासणी करताना दोन पिनांना चुकून प्रोब लागेल ही धास्ती खऱ्या आरएस-२३२ पोर्टवर बाळगण्याचे कारण नाही, कारण केबलमधील कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकल्या तरी पाठवणारा परिपथ जळता कामा नये असे मानकातच लिहिलेले आहे. कर्त्यांनी कामाच्या जागेचा इतका विचार केलेली मानके थोडी आहेत. धोका असतो तो दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या पोर्टवर. पहिल्या मॅकिंटॉशच्या ९ पिनांच्या सिरियल पोर्टवर ६ क्रमांकाच्या पिनेत थेट १२ व्होल्टचा पुरवठा होता, कमोडोर ६४ च्या यूजर पोर्टवरचे संकेत फक्त ० ते ५ व्होल्टचे होते आणि त्याला बाहेरून उणे १२ व्होल्ट देणे म्हणजे चिप गमावणे होते, तर आयबीएमच्या पहिल्या सिरियल कार्डवर ९, ११, १८ आणि २५ या पिनांवर दाबाऐवजी प्रवाहाने संदेश नेणारी, टेलिप्रिंटरच्या काळातली करंट लूप जोडणी दिलेली होती. म्हणून जोडण्यापूर्वी मोजणे हा क्रम कधीही मोडू नये.

जुन्या संगणकाचे झाकण उघडता येत असेल तर काम आणखी खात्रीचे होते. १९८७ च्या सुमारास मॅक्स-२३२ ही ५ व्होल्टवर चालून स्वतःच उणे दाब तयार करणारी चिप येईपर्यंत बहुतेक यंत्रांत पाठवण्यासाठी १४८८ आणि घेण्यासाठी १४८९ या १४ पायांच्या चिपा असत. १४८८ चे ३, ६, ८ आणि ११ हे पाय बाहेर पाठवणारे, तर १४८९ चे १, ४, १० आणि १३ हे पाय बाहेरून घेणारे; मल्टिमीटर बझरवर ठेवून या पायांपासून कनेक्टरपर्यंत माग काढला की कोणतेही कागदपत्र नसलेल्या यंत्राचा नकाशा हातात येतो. भारतात १९८४-८५ मध्ये शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेत आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकाला मात्र वेगळी नजर लावावी लागते: त्याचा पोर्ट आरएस-२३२ शी जुळणाऱ्या आरएस-४२३ मानकाचा, पण कनेक्टर गोल, ५ पिनांचा आणि इतका सममित होता की प्लग दोन्ही बाजूंनी बसे. मधली पिन ग्राउंडची असल्याने ती जागेवरच राही आणि बाकीच्या चार फिरून एकमेकींच्या जागी जात, म्हणून या यंत्रावर सर्व काही बरोबर असून माहिती येत नसेल तर प्लग काढून उलटा बसवून पाहणे ही पहिली पायरी ठरते.

भारतातील कार्यालयांत आणि बँकांत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झेनिक्स वा युनिक्सवर चालणारा एकच संगणक आणि त्याला सिरियल तारांनी जोडलेली अनेक टर्मिनले अशी मांडणी रूढ होती. लांब केबलला तांबे कमी लागावे म्हणून त्यांतील कित्येक तारा फक्त तीन शिरांच्या, म्हणजे पाठवणे, घेणे आणि ग्राउंड एवढ्याच असत. हँडशेकच्या पिना त्या त्या टोकालाच आपसांत जोडून, २५ पिनांवर ४ ला ५ आणि ६ ला ८ व २० अशा, यंत्राला समोरचा नेहमीच तयार असल्याचे भासवले जाई. अशा जुन्या केबलचे टोक उघडले की सोल्डर केलेले हे छोटे दुवे दिसतात, आणि ते बिघाड समजून काढून टाकणे ही नव्या माणसाकडून हमखास होणारी गोष्ट आहे.

काट्याच्या इंडिकेटरबाबत झाकण उघडण्याचा मार्गच बंद असतो. वैध मापनशास्त्र यंत्रणा काट्याची पडताळणी करून त्याला सील लावते, ते तुटले तर पुन्हा पडताळणी आलीच, आणि शेतकऱ्याच्या मालाचे माप त्या सीलवर विसंबून असल्यामुळे हे बंधन काटेकोरपणे पाळले पाहिजे. पिना बाहेरूनच ओळखाव्या लागतात आणि येथे उणे व्होल्टची खूण सर्वाधिक उपयोगी पडते. समजा इंडिकेटरच्या मागे ९ छिद्रांची मादी आहे आणि सोबतचा कागद केव्हाच हरवलेला आहे. ५ क्रमांकाला काळा प्रोब लावून २ आणि ३ तपासावेत. ज्या छिद्रात उणे ८ च्या आसपास स्थिर दाब मिळेल तिथून इंडिकेटर बोलतो. दाब स्थिर न राहता उणे आकड्यापासून शून्याकडे हेलकावत असेल तर ते शुभलक्षण आहे, कारण वजन अखंड पाठवणाऱ्या इंडिकेटरच्या संदेशातील प्रत्येक ० बिट अधिक दाबाचा असल्याने मल्टिमीटरला त्यांची सरासरी दिसत असते. काही इंडिकेटर ‘प्रिंट’ची कळ दाबल्यावरच एकदा वजन पाठवतात, त्यांच्याबाबत प्रोब लावून ठेवून कळ दाबायची आणि आकडा क्षणभर हलतो का ते पाहायचे. दोन्ही पिनांवर उणे दाब नाहीच, उलट दोन तारांमध्ये जेमतेम काही व्होल्टचा फरक आहे असे आढळले, तर तो बहुधा लांब अंतरासाठीचा आरएस-४८५ असतो आणि त्याला वेगळे कन्व्हर्टर लागते.

पिन सापडली तरी वेग आणि बिटांची रचना जुळल्याशिवाय पडद्यावर अर्थ उमटत नाही. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगात एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, १२०० च्या वेगात ८३३. हाती ऑसिलोस्कोप असेल तर सर्वांत अरुंद स्पंदाची रुंदी मोजून वेग सरळ काढता येतो, नसेल तर रूढ वेग एकेक करून पाहावे लागतात. याहून फसवी गोष्ट पॅरिटीची आहे. पॅरिटी म्हणजे अक्षरातील १ बिटांची संख्या सम किंवा विषम करण्यासाठी जोडलेला जादा बिट. इंडिकेटर ७ बिट आणि सम पॅरिटीने पाठवत असेल आणि संगणक ८ बिट, पॅरिटीविना, असा लावलेला असेल, तर ०, ३, ५, ६ आणि ९ हे अंक बरोबर येतात, कारण त्यांच्या संकेतांत १ बिट मुळातच सम आहेत, आणि १, २, ४, ७ व ८ हे अंक बिघडतात. रिकाम्या काट्यावर सगळी शून्ये असल्याने जोडणी निर्दोष भासते आणि पहिले भरलेले वाहन चढताच पावती बिघडते. म्हणून चाचणी नेहमी प्लॅटफॉर्मवर वजन ठेवून, शक्यतो सगळे अंक येतील अशा वेगवेगळ्या वजनांवर करावी.

हाच आठवा बिट मराठीच्या संगणकीय इतिहासातही महत्त्वाचा ठरला. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये मानक झालेली इस्की ही संकेतप्रणाली, जिच्यावर पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट टर्मिनले चालत, देवनागरी अक्षरे वरच्या १२८ संकेतांत ठेवते, म्हणजे अक्षराचे देवनागरीपण सर्वस्वी आठव्या बिटावर अवलंबून असते. ७ बिटांवर लावलेल्या तारेतून ‘घोडेगाव’ पाठवले तर ‘घ’ चा ६ होतो, ‘ग’ चा ५ होतो आणि बाकीची अक्षरे व मात्रा रोमन अक्षरांत वा चिन्हांत विखुरतात. उलट दिशेने, सम पॅरिटीचे वजन इस्की दाखवणाऱ्या पडद्यावर आले तर ४ च्या जागी ‘ख’ आणि ८ च्या जागी ‘च’ उमटतो, आणि ज्याला हा हिशेब ठाऊक आहे त्याला केवळ चुकलेल्या पडद्यावरून समोरच्या यंत्राची मांडणी वाचता येते.

एकदा उकललेली जोडणी लिहून ठेवण्याची पद्धत मात्र आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी आहे, आणि त्यामुळे तेच काम दर काही वर्षांनी नव्या माणसाला पहिल्यापासून करावे लागते. नोंदीत कनेक्टर नर की मादी, क्रमांक समोरून वाचले की सोल्डरच्या बाजूने, प्रत्येक पिनेवर मोकळ्या स्थितीत मोजलेला दाब, वेग, बिट आणि पॅरिटी, केबल सरळ की उलटसुलट, तसेच टोकाच्या आत कोणत्या पिना आपसांत जोडल्या आहेत एवढे असावे, आणि ती काट्याच्या पडताळणी प्रमाणपत्रासोबत त्याच फायलीत राहावी, कारण संगणक बदलला तरी ती फाईल केबिनमधून सहसा हलत नाही.